खोट न ठेवलेलं बदक

मालवणच्या धक्क्यावर खेळण्यांचं खोकं पोचवायचं आणि येताना लाख नि पिवळा रंग घेऊन यायचा, एवढ्याच कामाला गुरुदास मेस्त्री त्या दिवशी घरून निघाला होता. साल पंचावन्नच्या आसपासचं. तेव्हा मुंबईला जायचं तर आगबोट, आणि गुरुदासचे लाकडी बैल, ससे, हत्तीसुद्धा आगबोटीनेच जायचे. खाली चार चाकं, पुढे दोरी. पोराने दोरी ओढली की प्राणी मुकाट मागून येणार, यापलीकडे त्यांचा काही पराक्रम नव्हता.

खोकं उतरवून घ्यायला भाई पारकर उभा होता. मूळचा मालवणचा, पण मुंबईत खेळण्यांचं दुकान थाटल्यापासून त्याला गावातलं सगळंच जुनाट दिसायला लागलं होतं. त्याने एक बैल धक्क्यावरच ओढून पाहिला आणि नाक मुरडलं.

"मेस्त्री, बैल बरो आसा. पण ह्यो चलना नाय, घसारता. मुंबईत आता चावीची खेळणी इली हत. ती पाय टाकतत! तुमचो बैल बघून पोरा विचारतत, ह्येका काय झाला म्हणान."

गुरुदासला ते चांगलंच झोंबलं. अर्ध्या वाटेपर्यंत तो भाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालला. पण सुतारवाडीची घाटी चढता चढता राग निवला आणि डोक्यात चाकं फिरू लागली. चाकाचं भोक मधोमध न पाडता कडेला पाडलं, तर अंग डुलेल. आसावर लाकडाचा उंचवटा ठेवला, तर तो फिरताना पाय उचलील आणि सोडून देईल. हे सगळं जमण्यासारखं होतं. प्रश्न एवढाच, की पाय किती उचलायचा आणि कधी सोडायचा. आणि असल्या गोष्टी अंदाजपंचे करणारा गुरुदास नव्हता.

त्याने गोठ्यातली पाडी बाहेर काढली. तिचे खूर काव कालवलेल्या पाण्यात बुडवले आणि तिला घरापुढच्या सारवलेल्या खळ्यातून चालवलं. तांबडे ठसे उमटले. मग सुतळी घेऊन ठशाठशांमधलं अंतर त्याने गाठी मारून टिपलं आणि त्या गाठींच्या हिशोबाने पांगाऱ्याच्या लाकडातून उंचवटे तासले.

ओट्यावर बसून काशीबाई हे बघत होती. ही गुरुदासची आते. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, भावाची सगळी कारागिरी शेजारी बसून पाहिलेली.

"खोट खंय ठेवलंस रे?" तिने विचारलं.

सुतारवाडीत ही रीत होती. प्राणी कोरला की त्याच्या एका पायात मुद्दाम खोट ठेवायची. पाय केसभर आखूड करायचा, नाहीतर खूर जरा वाकडा. गुरुदासचा बाप म्हणायचा, पुरी चाल काढायची नाही, एवढा भाग देवाचा. घसरत चालणाऱ्या बैलाला खोट असली काय नि नसली काय, म्हणून इतकी वर्षं गुरुदासने ती बिनतक्रार ठेवली होती.

"आते, खोट ठेवलंय तर तो भाई परत म्हणात, घसारता."

काशीबाई काठी टेकत आत गेली.

लाकडी वासरू तयार झालं आणि त्याने ते खळ्यात ओढलं. गोठ्यातली गाय हंबरली. दावं ताणून, मान लांब करून ती त्या लाकडाकडे बघत राहिली. गुरुदासची बायको सुगंधा शेणाची पाटी घेऊन तिथे होती. तिच्या हातातून पाटीच पडली.

"अवो... हिच्याकडे बघा."

गाईच्या सडांतून दूध ठिबकत होतं. लाकडी वासराला पाहून तिने पान्हा सोडला होता.

गुरुदास हरखून गेला. भाई पारकराचं तोंड कसं होईल, हेच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. खरी पाडी त्याच संध्याकाळी गोठ्यात बसली ती उठली नाही. गाय तिला जवळ घेईना. आठवड्याभरात पाडी गेली. गोठ्यात रोग शिरला असं सगळे म्हणाले, आणि गुरुदासनेही तेच म्हटलं.

वासरू मुंबईत हातोहात खपलं. भाईचा निरोप आला: आता बदक करा, हंगामाची शेवटची बोट सुटायच्या आत. मी स्वतः न्यायला येतो.

सुतारवाडीत बदक कुठून आणायचं? पण गुरुदासला लांब जावं लागलं नाही. त्याची शेवंती तीन वर्षांची होती. पोट पुढे काढून डुलत डुलत चालायची. डावा पाय टाकला की क्षणभर थांबायची, जसं काही जमीन आहे ना याची खात्री करून घेते आहे, आणि मगच उजवा टाकायची.

"ह्याच माझा बदक," म्हणत त्याने तिचे पाय कावेच्या पाण्यात बुडवले. शेवंती खिदळत खळ्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, आणि त्याने तिच्या ठशांवर नव्या सुतळीला गाठी मारून घेतल्या. दारात मासे साफ करत बसलेली सुगंधा हसून हसून बेजार झाली. त्या घरात इतकं हसू पुन्हा झालं नाही.

काशीबाई मात्र काठी टेकत खाली उतरली. "गुरू, माणसाची चाल घेतंस? निदान हेच्यात तरी खोट ठेव रे माझ्या बाबा."

"ठेवतंय गो."

ठेवणारही होता. बदक पुरं झाल्यावर त्याने कानस घेतली आणि बदकाच्या उजव्या पायाला लावली. एकदाच फिरवायची होती. पण बदक इतकं देखणं उतरलं होतं, की हात धजेना. त्याने कानस खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बदक खळ्यात ओढून बघितलं. टक्... टक्. टक्... टक्. आतून सुगंधाची हाक आली, "शेवंती, न्हाणीकडे जाव नको गो, घसारशीत!"

"आये, मी हंय आसंय," शेवंती म्हणाली. ती आईच्या पाठीशीच पदर धरून उभी होती.

सुगंधा बाहेर आली. बदकाकडे तिने बराच वेळ बघितलं. "ता आजच देवन टाका," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुपारी गुरुदासने धक्क्यावर बदक भाईच्या हवाली केलं. भाईने चार पावलं ओढलं आणि गुरुदासला चक्क मिठी मारली. भाईला घेऊन छोटा पडाव दूर उभ्या बोटीकडे निघाला. गुरुदास शीळ घालत परतला. घाटीत असताना त्याला समुद्रावरून बोटीचा भोंगा ऐकू आला.

खळ्यात अख्खी वाडी जमली होती. शेवंती चटईवर निजवलेली. अंगात ताप नव्हता, कुठे लागलंबिगलं नव्हतं.

"भोंगो झालो," सुगंधा म्हणाली. "भोंगो झालो... नि हिचे पायच गेले. उभी केली की खाली बसता."

गुरुदासने पोरीला काखेत धरून उभं केलं. गुडघे दुमडले. पुन्हा केलं. पुन्हा दुमडले. शेवंतीला ती गंमत वाटली, ती हसली.

त्याने तिला परत चटईवर ठेवलं. तेवढ्यात तिचे पाय हलू लागले. ती हलवत नव्हती, ती तर काशीबाईच्या हातातलं केळं बघत होती. पाय आपले आपण हलत होते. डावा... उजवा. डावा... उजवा. मध्ये तेवढाच क्षणभर थांबा.

तो थांबा गुरुदासने स्वतः तासला होता. तिकडे बोटीवर कोणीतरी बदक ओढत होतं.

"खोट ठेवलं हुतंस?" काशीबाईने हळू आवाजात विचारलं. गुरुदासने मान हलवून नाही म्हटलं. म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. मग ती उठली आणि शेवंतीच्या कमरेला नवा काळा करगोटा बांधला, नजरेबिजरेची बाधा नको म्हणून. तिच्या हातात तेवढंच होतं.

मालवणच्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर ठोकून पाहिलं. पाय शाबूत आहेत, ही उभी का राहत नाही कळत नाही, असं ते शुद्ध भाषेत म्हणाले. बंदर पावसाळ्यासाठी बंद झालं होतं, म्हणून गुरुदास कोल्हापूरवरून एसटीने मुंबईला गेला. भाईचं दुकान त्याने शोधून काढलं. बदक दुकानात नव्हतं.

"बोटीवरच दिलंय," भाई म्हणाला. "एक पोरगो सारखो रडी होतो. तेका ओढूक दिलंय तर सोडीचना. तेच्या बापाशीन इकत घेतल्यान नि रत्नागिरीक उतारलो. नाव कित्याक विचारू मी?"

परत येताना गुरुदास रत्नागिरीला उतरला. भर पावसात गल्ल्या पालथ्या घातल्या. दारोदार बदकाची चौकशी करणाऱ्या त्या माणसाला लोकांनी वेड्यात काढलं. शेवटी तो हात हलवत घरी आला.

पावसाळ्याचे दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेला, शेवंतीचे पाय हलायला लागायचे. सुगंधा पहिल्यांदा तोंड फिरवून रडायची. पुढे पुढे ती त्या वेळेची वाटच बघू लागली. पाय हलतात म्हणजे चाल कुठेतरी आहे, एवढा तिला आधार. गुरुदास उंबऱ्यावर बसून ऐकायचा. चटईवर टाचा घासल्याचा आवाज व्हायचा. कुठल्या तरी घरात कुठलं तरी पोर त्याच्या पोरीची चाल दोरीने ओढत फिरतंय, हे त्याला सहन व्हायचं नाही, आणि त्याने ओढायचं थांबवू नये असंही वाटायचं.

श्रावणात एका संध्याकाळी पाय हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सुगंधा रात्रभर पोरीचे तळवे चोळत बसली.

नारळी पौर्णिमा झाली, बंदर उघडलं, आणि पहिल्या बोटीने भाई पारकर आला. धक्क्यावर न थांबता तो तडक सुतारवाडीची घाटी चढून आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"रत्नागिरीच्या धक्क्यार तो बापूस माका बघून धावत इलो," भाई म्हणाला. त्याचा तो मुंबईचा तोरा कुठे गेला होता कोण जाणे. "पोरगो तापान गेलो, मेस्त्री. श्रावणात. शेवटपर्यंत दोरी सोडूक नाय तेना. घरात ह्या नको म्हणालो... माका तेचा तोंड बघवला नाय."

त्याने कागद सोडला आणि बदक खळ्यात ठेवलं. रंग उडाला होता, चाकं झिजली होती. दोरी मळून काळी झाली होती.

"बाबा," ओट्यावरून शेवंतीची हाक आली.

ती उभी होती. खांबाला न धरता. सगळ्यांच्या देखत ती दोन पायऱ्या उतरली आणि बदकापाशी आली. सुगंधाने किंकाळी फोडून तिला उचललं, मुके घेतले, परत खाली ठेवलं, परत चालवलं. गुरुदास खळ्यातच खाली बसला आणि हमसाहमशी रडला. बदक जाळायला निघाला, तर काशीबाईने हात धरला. "जाळू नको. परत काय जळात, कोणाक ठावक?" मग त्याने दोरी कापून टाकली आणि बदक आढ्याला उंच टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुगंधाने खळं सारवलं. दुपारी शेवंती ओल्या सारवणावरून इकडून तिकडे चालली. तिची पावलं बघताना गुरुदासला काहीतरी खटकलं. त्याने आत जाऊन बदकाच्या मापाची ती गाठींची सुतळी काढली आणि ठशांवर धरली.

गाठी जुळत नव्हत्या. डावा पाय पुरा उमटला होता. उजव्याची नुसती बोटं उमटली होती, टाच कुठेच टेकली नव्हती. डाव्यानंतरचा तो थांबा शेवंतीचा होता, तो गेला होता. ही चाल दुसऱ्याच कोणाची होती.

रात्रीपुरता वाडीतच राहिलेला भाई पारकर आता निघायच्या गडबडीत होता. गुरुदासने त्याला घाटीत गाठलं.

"भाई... तो पोरगो. चलताना कसो होतो?"

"लंगडो होतो बिचारो. उजवो पाय आखूड तेचो." भाई थांबला. "कित्याक?"

गुरुदास माघारी वळला. कानस त्याने उजव्याच पायाला लावली होती, आणि काढून घेतली होती. त्याने न ठेवलेली खोट त्याच्या पोरीच्या पायात येऊन बसली होती. असू दे, तो स्वतःला समजावत राहिला. लंगडी तर लंगडी. चालते ना? देवाचा भाग देवाला पोचला. आता संपलं...

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागणीला अजून अवकाश होता. सुगंधा विहिरीवर गेली होती. खळ्यात शेवंती एकटीच लंगडत चालत होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, वळून परत. घामाघूम झाली होती, ओठ सुकले होते.

"शेवंती, पुरे गो आता. बस हंय."

"बसूक देणा नाय," ती म्हणाली.

"कोण?"

"तो ओढता मगे."

गुरुदासने झडप घालून तिला धरलं. त्याच्या हातांत ती थांबली नाही. पाय हवेतच चालत राहिले, डावा, उजवा, डावा, उजवा. त्याने खाली बघितलं. काशीबाईने बांधलेला काळा करगोटा पोरीच्या पोटापासून वीतभर पुढे आला होता, आणि कोणी हातात धरल्यासारखा ताणलेला होता.