सीताफळाच्या कोळशानं मोडलेली सोयरीक

अक्षदाची नि शिवशंकरची गाठ पडली ती एका बादलीपायी. शहागंजाच्या मागल्या गल्लीतल्या आपल्या साड्यांच्या रंगखान्यातून त्यानं रंगाचं उरलेलं पाणी फेकलं अन् ही नेमकी दारात — पोरीचे पाय घोट्यापर्यंत जांभळे. दुसरीनं चप्पल काढली असती. हिनं पिशवीतून बाटली काढली.

"अजून आहे का असलं पाणी?"

त्यानं दुसरी बादली पुढं सरकवली.

पोरगी विद्यापीठात केमिस्ट्री शिकायची. सीताफळाच्या बियांचा कोळसा करून त्या कोळशानं रंगाचं पाणी नितळ करायची. मग काय, रोज रंगखान्यात हजर. बाटली अर्ध्या लिटरची, भरायला तास.

"कोळसा रंग पितो व्हय?"

"पीत नाय, अंगावर धरतो. कणाकणाला इतकी बारीक भोकं, की चिमूटभर कोळसा उलगडला तर तुमची गल्ली झाकंल."

"अन् धरलेलं सोडतो का?"

"तापवलं तर."

"मग… नका तापवू."

ती लाजली नाय, पण बाटली सांडली.

असे सहा महिने गेले. एका बुधवारी ती आली तर सगळे चिडीचूप. शिवशंकरची आई लीलाबाई रंग कालवायच्या मोठ्या डेगीपुढं कपाळाला हात लावून बसलेली. सकाळी कालवलेला लालगुलाबी रंग गायब, पाणी झऱ्यासारखं, अन् त्यात साडी — कोरी पांढरी.

"रविवारी साखरपुडा ह्याचा, फर्दापूरच्या श्रेयासंगं," लीलाबाई पोराकडं बोट करत म्हणाली. "आमच्यात सुनेची साडी सासूच रंगवती. रंग धरला नाय तर सोयरीक मोडायची. त्या श्रेयाचा पायगुणच वंगाळ…"

अक्षदा डेगीवर वाकली. साखरपुडा? ह्याचा? अन् तेवढ्यात डेगीच्या तळाशी दिसल्या, कोळशाच्या सात पुरचुंड्या. तिच्याच. इथंच वाळत टाकलेल्या.

तिनं त्याला कोपऱ्यात ओढलं. "तू टाकल्यास?"

"आईपुढं तोंड उघडंना माझं," तो पुटपुटला. "म्हणलं, कोळशानंच काय ते करावं. मला… तुम्हीच पाहिजे."

सहा महिने हे ऐकायला कान आसुसलेले, अन् आता ऐकलं तर नकोसं झालं. गप्प बसली असती तर तो तिचाच होता. पण ठपका श्रेयाच्या कपाळी.

तिनं हात बुडवून पुरचुंडी काढली, लीलाबाईपुढं ठेवली. "काकू, पायगुण नाय. माझा कोळसा आहे हा."

"अन् टाकला कुणी?"

अक्षदा दुसरी पुरचुंडी काढायला वळली. शिवशंकर पुढं आला, "मी. मला हिच्याशी लग्न करायचंय."

लीलाबाई मग पदर खोचून उठली. "गाडी काढ. फर्दापूरला जाऊन त्या पोरीपुढं असंच्या असं सांग. मार पडला तर खा."

गेला. दिवेलागणीला आला तो दोन्ही गाल सुजवून.

"डावा तिच्या बापानं," तो म्हणाला. "उजवा श्रेयानं. तिचा हात भारी."

अक्षदानं ओला रुमाल गालाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आमच्या वडलांनी जन्मभर मेंढ्या राखल्यात," ती हळूच म्हणाली. "हात लई जड त्यांचा. गाल बरे झाले की… मागणी घालायला या."