झाकलेले आकडे

वर भिरकावलेला चेंडू मंदावण्याऐवजी वेग वाढवत निघून गेला, तर त्याला काय म्हणावे?

“भुताटकी!” चार्वी म्हणाली.

“विश्वाचं तसंच चाललंय,” आजोबा म्हणाले. “दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) एकमेकींपासून दूर जाताहेत. गुरुत्वाकर्षणानं त्यांना आळा बसायला हवा. उलट वेग वाढतोय.”

चार्वी सुट्टीत चंद्रावरच्या वेधशाळेत आली होती. तिथे आजोबांचा गट दीर्घिकांचे सर्वेक्षण (आकाशभर केलेली मोजणी) करत होता.

“कोण ढकलतंय त्यांना?”

“दोन उत्तरं आहेत. रिकाम्या अवकाशातच कृष्णऊर्जा (न दिसणारी, दूर लोटणारी ऊर्जा) असेल. नाहीतर फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणच क्षीण पडत असेल. हे दुसरं माझं. उभी हयात गेली त्यात. चुकलंही असेल म्हणा.”

“पण दोन्हींत दीर्घिका सारख्याच पळत असतील, तर खरं कोणतं ते कळणार कसं?”

आजोबा खुलले. खरी मेख तिथेच होती.

“पळणं सारखं असेल, पण जमणं सारखं नसेल. गुरुत्वाकर्षण दीर्घिकांचे थवे जमवतं. दूरचा प्रकाश उशिरा पोचतो, म्हणून दूरचे थवे जुन्या काळचे दिसतात. ते जवळच्या थव्यांशी ताडून पाहिले, की थवे किती भराभर वाढले ते कळतं. माझा नियम खरा असेल, तर ते सावकाश वाढलेले दिसतील.”

उत्तर तयार होते, पण झाकलेले. खंडू या यंत्रमानवाने सगळ्या निकालांत एक गुप्त आकडा मिसळून ठेवला होता. मनातल्या इच्छेने मोजणी नकळत वाकू नये, म्हणून गटाची ही रीत होती. काय ठेवायचे, काय गाळायचे ते आधी ठरवायचे, मग उघडायचे. उघडल्यावर बदल नाही.

“खंडू, मला एकटीला सांग ना.”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

चार्वी फुरंगटून छायाचित्रे चाळत बसली. एका कोपऱ्यात तिला एका ठळक ताऱ्याभोवती एकसारखे ठिपके दिसले. यंत्राने त्यांना दूरच्या दीर्घिका म्हणून मोजले होते. आजोबांनी निरखून पाहिले. ती दुर्बिणीच्या भिंगांत उमटलेली त्या ताऱ्याचीच प्रतिबिंबे होती.

“कोपरा गाळला तर तुम्ही हराल?”

“माहीत नाही.”

“मग राहू दे ना, आजोबा!”

“माहीत नाही, तोवरच ठरवलेलं बरं. खंडू, गाळ तो. आणि उघड.”

थवे नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाने वाढावेत, तसेच वाढले होते. पडद्यावरच्या आलेखात मोजणीच्या ठिपक्यांपासून आजोबांच्या नियमाची रेघ दूर पडली. ते चष्मा पुसत राहिले.

“कोपरा ठेवला असता तर?” चार्वीने विचारले.

“दूरचे थवे उगाच दाट भासून आजोबांचं उत्तर बरोबर दिसलं असतं,” खंडू म्हणाला. “बरोबर झालं नसतं.”

चार्वीचे डोळे भरून आले. “माझ्यामुळे हरलात.”

“वेडी! तू दाखवलं नसतंस, तर माझ्या चुकीवर लोकांनी मजले चढवले असते.”

“मग कृष्णऊर्जा जिंकली?”

“माझं उत्तर गेलं, एवढंच. ती ऊर्जा कायम तेवढीच असते की काळाबरोबर बदलते, ते अजून शोधायचंय.”

आजोबांनी पडद्यावरची आपली रेघ स्वतःच्या हाताने पुसली. मग बराच वेळ ते उरलेल्या ठिपक्यांकडे पाहत राहिले.

“काय झालं?” चार्वीने हळूच विचारले.

“त्या रेघेपायी,” ते म्हणाले, “मी हे ठिपके कधी नीट पाहिलेच नव्हते. सरक जरा, बसू दे.”