दीपगृहामागचं पान

मुलांच्या मासिकाच्या जुन्या खंडातलं एकच पान नाहीसं झालं होतं. नेमकं चंपाचं.

शांती नगरच्या वाचनालयात संध्याकाळी दत्ताराम सरांच्या बालकथांचं प्रकाशन होतं. तारोडीच्या चंपाचं म्हणणं, त्यातली वादळाची गोष्ट तिची आहे, पाचवीत असताना या मासिकात तिच्या नावाने छापलेली. खंड उघडला, तर पान गायब. आता तिने सगळ्यांसमोर माफी मागावी म्हणून कार्यवाह यतीन हटून बसला होता.

"मी माफी मांगनार न्हाय," चंपा म्हणाली. "गोष्ट माझी हाय."

निवृत्त शिक्षिका मृणालिनीबाईंनी खंड उजेडात धरला. शिवणीलगत ब्लेडचा सरळ काप होता. अनुक्रमणिका शाबूत होती, पण तिच्यात नुसतंच 'बालवाचकांचं लेखन' आणि त्याखाली 'हस्तकला'.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण शनिवारी मुलांसाठी कपाट उघडंच असतं," यतीन म्हणाला.

"तुम्ही हा खंड आधी चाळला होता?"

"नाही बाई. आज पहिल्यांदाच हातात घेतोय."

"सर, तुम्ही?"

"हा अंक पाहिल्याचं आठवत नाही," दत्ताराम सर म्हणाले. "गोष्ट लहानपणापासून डोक्यात आहे. कुठून आली, कोण जाणे."

"हे अंक एका परदेशी ग्रंथालयाने इंटरनेटवर टाकलेत ना?"

"टाकलेत, पण आपल्याला काय उपयोग?" यतीनने लॅपटॉप वळवला. करड्या चौकटीत सूचना होती: तुमच्या प्रदेशात हा अंक पाहता येणार नाही.

"आमचं मासिक, नि आमालाच बंदी?" चंपा म्हणाली.

"मग पान नेलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"पोरांनी, अजून कोणी?" यतीन हसला. "मागच्या बाजूला कापून चिकटवायचं दीपगृह होतं. दिसलं की चालवली कात्री. उद्यापासून पोरांना कपाट बंद."

बाईंनी परदेशात, लिस्बनला असलेल्या संचिताला, आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, व्हिडिओ कॉल लावला.

"बाई, हे काय करताय? बंदी आहे ना," यतीन म्हणाला.

"इथून आहे. तिथून वाचणाऱ्याला कोणी अडवलेलं नाही."

"उघडलं, बाई," संचिता म्हणाली आणि तिने फोन पडद्यासमोर धरला.

'वादळातली होडी. चंपा, इयत्ता पाचवी, तारोडी.'

चंपाने पदर तोंडाला लावला.

"आता पुढचं पान, संचिता."

तुटक रेघांचं दीपगृह. खाली सूचना: कडेने कापा.

"बसा, यतीन," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्गात सांगते तसं सांगते. मुलाला दीपगृह हवं असतं, तर त्याने दीपगृहच कापलं असतं आणि बाकीचं पान खंडात लोंबत राहिलं असतं. शिवणीला ब्लेड कोण लावतं? पान होतं हेच कळू नये असं ज्याला वाटतं, तो. हे एक झालं."

"आणि दुसरं?" सरांनी विचारलं.

"अनुक्रमणिकेत नुसतं 'हस्तकला' आहे. दीपगृहाचा उल्लेखच नाही. इंटरनेटवरचा अंक इथून दिसत नाही, हे यतीननीच दाखवलं. खंड ते म्हणतात आज पहिल्यांदा उघडला, आणि आज तर पान नव्हतंच. मग मागच्या बाजूचं दीपगृह तुम्ही पाहिलंत कुठे, यतीन?"

यतीनने चष्मा काढून पुसला. परत घातला नाही.

"पुस्तकं छापून आली होती, बाई. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. चंपाबाईंनी विषय काढला तेव्हा मी खंड बघितला, आणि... कापून काढलं ते पान. सरांना यातलं काही माहीत नाही."

सर फोनच्या पडद्याकडे वाकले. "वाचली होती मी. हे चित्र बघून आठवतंय. लहानपणी मी हे दीपगृह कापून केलं होतं," ते म्हणाले. "चंपाताई, माफी मी मागायची आहे. व्यासपीठावर, सगळ्यांसमोर."

"मागा," चंपा म्हणाली. "पन आधी गोष्ट मी वाचनार."

मृणालिनीबाईंनी यतीनपुढे हात केला. "कपाटाची किल्ली द्या. मुलं येतील आता." त्याने ती दिली.

"बाई, ठेवू का फोन?" संचिताने विचारलं.

"नको. माइकपाशी यायला लेखिकेला दोन मिनिटं लागतील. पान तसंच धरून ठेव."