थांबायचे दिवस

तो शेअर दलालाच्या पेढीत आला तो खोडरबर मागायला. मागच्या खोलीत ती एकटीच बसायची. बाजार बंद झाला की आलेखाच्या कागदावर भावाचं एक टिंब, मग टिंबाला टिंब जोडून रेष. संगणक अजून यायचे होते.

"दिवसभर तुमच्याशी बोलतं कोण?"

"घसरलेला भाव."

"आणि वधारलेला?"

"तो साहेबांशी बोलतो."

तो खळखळून हसला आणि खोडरबर खिशात घालून निघून गेला. परत यायची सोय केली, दुसरं काय!

कारखान्यातला इंजिनिअर होता. भाव खरोखर कधी वळला, हे सांगणारी रेष त्याला शोधायची होती. रोज संध्याकाळी तो सरासऱ्या काढायचा, ती हिरव्या पेन्सिलीने रेष ओढायची. भावाने रेष ओलांडली की वळण. पण त्याची अट होती – तीन दिवस थांबायचं. भाव तिथेच टिकला, तरच खरं मानायचं.

"फसायची एवढी भीती?"

"एकदा फसलं की माणूस सावध होतो..."

"सावध नाही हो, दगड होतो."

एकदा कागद धरताना त्याचा हात तिच्या हातावर राहिला. कुणीच काढला नाही.

त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरातली नोकरी सांगून आली.

"जाऊ?" तिने विचारलं. बाईने याहून स्पष्ट काय विचारायचं, कपाळ!

"मला... तीन दिवस द्या."

दिले. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत ती दाराकडे बघत बसली. मग बॅग उचलली.

चौथ्या दिवशी तो आला होता म्हणे, खोडरबर घेऊन. पेढीतल्या शिपायाने फोनवर सांगितलं. तिने पत्ता कळू दिला नाही. राग होता, आणि तो खराच होता. पुढे राग ओसरला; एकटेपण मुक्कामालाच आलं.

केस पांढरे झाल्यावर एकदा भाचीने लॅपटॉप समोर धरला. "मावशी, ही रेष जगभर वापरतात. आधी थांबायचे दिवस तीन होते, मग शोधणाऱ्यानेच शून्य केले. का, कुणालाच ठाऊक नाही. अशाने फसवते गं कधीकधी!"

पडद्यावरची रेष हिरवी होती.

"फसू दे," ती म्हणाली. "फसलेलं परवडतं."

भाची चहा टाकायला आत गेली. मावशीने पडद्यावरच्या त्या शून्यावर बोट टेकवलं. काच गार होती.

"आता सांगतोयस होय रे, शहाण्या..."

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.