शेवटच्या ओळीआधीचा श्वास

शुक्रवार, १३ जुलै १९७९. दुपारी चार वाजता शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका स्केटिंग रिंकमध्ये मालकाने वाजती रेकॉर्ड यंत्रावरून उचलली आणि टेबलाच्या कडेवर आपटून तिचे दोन तुकडे केले.

आदल्या रात्री शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोचा तिटकारा असलेल्यांनी डिस्को रेकॉर्डींचा ढीग सुरुंग लावून उडवला होता. मालक मिस्टर क्रोल यांनी सकाळीच वाऱ्याची दिशा ओळखली होती.

"आजपासून माझ्या रिंकमध्ये डिस्को नाही."

"हे सोल संगीत आहे, डिस्को नाही, मिस्टर क्रोल," रेकॉर्ड वाजवणारा वेंडेल गेन्स म्हणाला.

"लोक यावर नाचतात ना?"

"तुम्ही सोडून सगळे."

क्रोल पाय आपटत निघून गेले. संगीत थांबलं तरी फरशीवरची माणसं चाकांवर तशीच घरंगळत राहिली. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी मात्र सरळ वेंडेलच्या यंत्रांपुढच्या कठड्यावर येऊन आदळली.

"थांबता येत नाही का?" त्याने विचारलं.

"येतं. थांबायचं नव्हतं." तिने फुटलेल्या तुकड्यावरचं नाव वाचलं—'आणखी एक फेरी'. दुसऱ्या यंत्रावर त्याच गाण्याची दुसरी प्रत होती. "एकच गाणं दोन यंत्रांवर कशाला लावता?"

"संपू नये म्हणून. शेवटच्या ओळीआधी ती बाई श्वास घेते. नेमकी तिथे मी दुसरी रेकॉर्ड सोडतो. ओळ काही संपत नाही, आणि ज्याने जिचा हात धरलाय तो सुटत नाही. दोन लग्नं जुळलीत या श्वासावर."

"तो... ऐकू येतो?"

"मला येतो. खरं सांगू? मी त्या श्वासाच्या प्रेमात आहे."

"आणि बाईच्या?"

"ही कव्हरवरची? छे! हा श्वास हिचा नाहीच. गळ्यात एवढी जागा कुठाय हिच्या?"

मुलगी हसली. पण हसण्याआधी तिने श्वास घेतला—खोल, किंचित अडखळता, टोकाला हलकासा फाटलेला...

वेंडेलच्या हातातला तुकडा खाली पडला. "तू...?"

"हळू बोला ना!" तिने भराभरा मागे पाहिलं.

ती ओडेसा पिकन्स. तिचे वडील रेव्हरंड पिकन्स, पलीकडच्या रस्त्यावरच्या चर्चचे पाळक. दोन वर्षांपूर्वी तिने एका स्टुडिओत हे गाणं गायलं, कंपनीने त्यावर एका देखण्या मॉडेलचं नाव आणि चेहरा छापला, आणि ओडेसा गप्प राहिली. कारण चर्चच्या गायकवृंदातलं कोणी असली गाणी गाताना सापडलं तर त्याला 'बसवत'. सगळ्यांसमोर, पहिल्या बाकावर, तोंड मिटून. पाळक उठा म्हणेपर्यंत. येत्या रविवारी, गायकवृंदाच्या वर्धापनदिनी, मुख्य गाणं ओडेसाचं होतं. ती आठ वर्षांची असल्यापासून त्या गाण्याची वाट पाहत होती.

"एकच प्रत उरली," वेंडेल म्हणाला. "कंपनीने नव्या काढणं थांबवलंय. आता गाणं आपलं संपणार."

ओडेसाने कठड्यावरची बोटं उचलली, परत ठेवली. "माझ्याकडे एक आहे. उद्या आणते. पण माझं नाव घेतलंत तर याद राखा!"

"तुझं नाव मला माहीत कुठंय?"

"ओडेसा," ती म्हणाली, आणि मग स्वतःवरच चिडून निघून गेली.

घरी ती रेकॉर्ड तिने चर्चच्या गायकवृंदाच्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये लपवली होती. तशाच दिसणाऱ्या, न खपलेल्या डझनभर रेकॉर्डी कपाटात शेजारीच होत्या. शनिवारी सकाळी वडील जिन्यावरून हाक मारत असताना तिने घाईत एक ओढली, वाटेत वेंडेलच्या हाती दिली आणि चर्चच्या सहलीला पार्कात पोचली.

तीन वाजता निखाऱ्यांवर बरगड्यांचं मांस भाजलं जात होतं. चर्चच्या सगळ्यात वयस्क बाई, मदर हॅटी, यांनी पाळकांच्या घरून आणलेल्या गठ्ठ्यातली वरची रेकॉर्ड काढून सोबत आणलेल्या यंत्रावर लावली.

ढोल वाजला. मग बास. मग टाळ्या.

"या स्तोत्राला जरा घाई झालेली दिसते," मदर हॅटी म्हणाल्या. पण त्यांच्या बुटाचं टोक हलायला लागलं होतं.

ओडेसाला पळून जाता आलं असतं. चर्चचे एक सेवक, डीकन, सुई उचलायला वाकले.

"राहू द्या, डीकन," ती म्हणाली.

रेव्हरंड पिकन्स यांनी हातातली प्लेट खाली ठेवली. लेकीचा आवाज ओळखायला बापाला कव्हर लागत नाही. "ओडेसा. कोण गातंय हे?"

"मी, डॅडी."

"इतकं सरळ सांगतेस?"

"दोन वर्षं दुसरीच्या नावाने गातेय. आता थकले."

"बस खाली!"

"बसेन. पण आधी ओळ पूर्ण होऊ दे."

तिने श्वास घेतला—रेकॉर्डवरच्या ओडेसाने आणि गवतावरच्या ओडेसाने एकदमच—आणि शेवटची ओळ उभ्यानेच गायली. मदर हॅटींच्या तोंडून "जय प्रभू" निसटलं. पाळकांनी रागाने पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? आवाज तर त्यानेच दिलाय तिला."

"उद्या तू पहिल्या बाकावर," रेव्हरंड मुलीला म्हणाले. त्यांचा आवाज तेवढा पक्का नव्हता.

तेवढ्यात गळ्यात स्केट्स अडकवलेला वेंडेल धापा टाकत झाडांमधून आला. हातात चर्चची रेकॉर्ड.

"अदलाबदल झाली," तो म्हणाला. "रिंकमध्ये स्तोत्र लागलं. एकाने तर टोपी काढली..." मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. "उशीर झाला वाटतं?"

"मला बसवलंय," ओडेसा म्हणाली. डोळे भरले होते, हनुवटी वरच होती. "माझं गाणं गेलं."

"बाक केवढा आहे तो?"

"का?"

"दोघं मावतील?"

दुसऱ्या दिवशी मुख्य गाणं दुसरीने गायलं. पहिल्या बाकावर ओडेसा ताठ बसली होती आणि तिच्या शेजारी उसन्या टायमध्ये वेंडेल. पुढच्या शनिवारी रिंकमध्ये 'आता जोडीदाराची निवड बायकांची' अशी घोषणा झाली, तेव्हा तिने कठड्यावरून वेंडेलपुढे हात केला. 'आणखी एक फेरी' वाजत होतं. क्रोल यांनी वीज तोडली. मग फरशीवरच्या सगळ्यांनी ते तोंडाने गायलं, आणि गाणं बराच वेळ संपलं नाही.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. रेव्हरंड पिकन्स यांनीच लावलं.

गाणं मेलं नाही. कित्येक वर्षांनी, अलीकडेच एका तरुण संगीतकाराने त्यातला नेमका तो श्वास उचलला, पुन्हा पुन्हा जोडला आणि त्यावर नवं गाणं रचलं. ते आता जगभर वाजतं. नाव अजूनही त्या मॉडेलचंच. ओडेसाने न्यायालयात एकच मागणी केली आहे: रेकॉर्डवर माझं नाव लिहा.

सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, "श्वास काय, कोणाचाही असू शकतो."

"कोणाचाही नाही!" मागून वेंडेल ओरडला.

न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

"बसतो, साहेब. हिच्या शेजारी बसायची सवय आहे मला."

निकाल अजून लागलेला नाही. गेल्या शनिवारी दुपारी रिंकमध्ये जोडप्यांची फेरी होती. गाणं शेवटच्या ओळीआधीच्या श्वासापर्यंत आलं, तेव्हा ती दोघं हात धरून वळणावर होती.