कुंजीरची फेरी

हेतुकक्षाची काच थेट गोल्फच्या मैदानावर उघडत होती आणि आत दोन खुर्च्या होत्या. उजवीकडची अच्युत पेंढारकरांची. ती आपल्या खुर्चीपेक्षा बोटभर उंच आहे, असा डॉ. नीळकंठ देवस्थळींचा समज होता. एकदा पेंढारकर जेवायला गेले असता त्यांनी फूटपट्टी लावून पाहिली. दोन्ही खुर्च्या सारख्याच निघाल्या. दुःख काही कमी झालं नाही, फक्त पुरावा हातचा गेला.

दोघेही मेंदुशास्त्रज्ञ. संस्थेत एकाच वर्षी लागले आणि गोल्फच्या नादाला लागले तेही एकाच वर्षी. दोघांनाही धड फटका मारता येत नव्हता, पण नियमांवरून भांडायला फटका यावा लागतो असं थोडंच आहे? त्या भांडणांतूनच दोघांनी मिळून खेळाडूचा इरादा मोजणारा हेतुमापक बनवला. आता संस्थेत झाडून सगळे त्याला 'पेंढारकर-मापक' म्हणत. कँटीनवालासुद्धा. देवस्थळींनी त्याच्याकडचा चहा सोडला होता.

आज व्यावसायिकांच्या स्पर्धेत मापकाची पहिली अधिकृत परीक्षा होती. ती पार पडली की संचालिका डॉ. शिरीन मुजावर यंत्राचं कायमचं नाव जाहीर करणार होत्या. त्या कक्षात येऊन उभ्या होत्या आणि त्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काठी फिरवली आणि चेंडूला लागलीच नाही, तर तो फटका धरायचा?"

"धरायचा," पेंढारकर म्हणाले. "चेंडू मारायच्या इराद्यानं फिरवली ना, मग लागो न लागो."

"आणि सरावाला म्हणून फिरवली अन् चुकून लागली तर?"

"मग तो फटका नाही. सगळं भांडण इराद्याचं आहे, मॅडम. आजवर ते खेळाडूच्या शब्दावर चालायचं. या खेळात माणूस स्वतःच स्वतःला दंड लावतो."

"इतकी सचोटी असताना यंत्र कशाला?"

"प्रेक्षकांना सचोटी दिसत नाही. फलक दिसतो."

मॅडम हसल्या. पेंढारकरांच्या विनोदाला त्या नेहमीच हसत. देवस्थळी घाईघाईनं पुढे सरकले.

"मुख्य गोष्ट राहिलीच. हात हलायच्या आधी मेंदू लक्ष्य ठरवतो. खेळाडूच्या टोपीतली शिरपट्टी ते लक्ष्य टिपते. पेंढारकरांचं म्हणणं होतं, काठी फिरवायचा इरादा दिसला की पुरे. मी म्हटलं, मुळीच नाही. नियमात 'चेंडू मारण्यासाठी' असं स्वच्छ लिहिलंय, तेव्हा लक्ष्य चेंडूच हवं. ही अट माझी. एकट्याची."

"अगदी एकट्याची," पेंढारकर म्हणाले. "मी नकोच म्हणत होतो."

खाली शेवटच्या होलपाशी गर्दी दाटली होती. विलास कुंजीर आणि जयकर घाटगे बरोबरीत होते. कुंजीर सात वर्षं घाटगेच्या मागं दुसरा येत होता. देवस्थळी अर्थातच कुंजीरच्या बाजूचे. दुसऱ्या नंबरचं दुखणं दुसऱ्या नंबरलाच कळतं. गर्दीतला ध्वनिग्राहक चालू होता, त्यातून दोघा प्रेक्षकांचं बोलणं कक्षात ऐकू आलं.

"कुंजीर चेंडूकडं बघतोय कुठं? सारखा घाटगेकडंच बघतोय."

"बघंना का. चेंडू जातोय न्हवं भोकात?"

"तुझी बायकोबी आशीच भाकरी थापती. डोळं शेजारणीच्या चुलीवर."

"आन् भाकरी गोल हुती का नाही? मग?"

घाटगेचा चेंडू कडेवर अडला. कुंजीरचा आत गेला. हाती लिहिलेल्या कार्डावर कुंजीर एका फटक्यानं पुढे. देवस्थळींनी पेंढारकरांच्या पाठीवर जरा जोरातच थाप मारली.

खेळाडू विचलित होऊ नयेत म्हणून मापकाचे आकडे फेरी संपेपर्यंत झाकलेले असत आणि अंतिम निकाल त्यांचाच धरायचा ठरला होता. आता फलक उघडला. घाटगे सदुसष्ट. कुंजीर शून्य. खाली प्रत्येक फटक्याचं लक्ष्य दिलं होतं. घाटगेच्या नावापुढे ओळीनं 'चेंडू'. कुंजीरच्या नावापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत 'घाटगे'.

"यंत्र बिघडलं?" मॅडमनी विचारलं.

"छे," पेंढारकर म्हणाले. "हातांना वीस वर्षांची सवय आहे, ते आपापलं काम करतात. मन रिकामं होतं, ते घाटगेच्या मानगुटीवर बसलं. चेंडू मारायचा इरादाच नाही, म्हणून फटकाच नाही."

देवस्थळींचा चेहरा उजळला. "ज्याचे फटके कमी तो विजेता. शून्याखाली कोण जाणार? हा विक्रम कधीच मोडणार नाही, मॅडम. आणि तो माझ्या अटीमुळे."

पेंढारकरांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. ते त्यांच्या खिशात असतंच, ही देवस्थळींची आणखी एक जुनी जखम.

"टी म्हणजे सुरुवातीची खुंटी. तिथून फटका मारल्याशिवाय चेंडू खेळात येत नाही. फटक्याविना खाली पडला, तर उचलून परत खुंटीवर ठेवायचा, दंड नाही. कुंजीरनं फटकाच मारलेला नाही. तो सकाळपासून पहिल्या टीवरच आहे."

नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

कुंजीरला पुन्हा पहिल्या टीवर नेलं. त्यानं दणदणीत फटका मारला. फलकावर शून्य. घाटगेला नजरेआड व्हायची विनंती केली, तर तो आता कुठे गेला असेल, या विचारानं कुंजीरचं लक्ष्य आणखी ठळक उमटू लागलं. मग घाटगेनं मोठ्या मनानं शुभेच्छा पाठवल्या. त्यानंतरचा आलेख तर फलकात मावेना.

"ती अट कोणाची म्हणालात?" मॅडमनी थंडपणे विचारलं.

"देवस्थळींची," पेंढारकर म्हणाले. "तेव्हा नावही त्यांचंच द्या. देवस्थळी-मापक. माझा काही हक्क नाही, खरंच."

"ठीक. तसंच जाहीर करते."

इतक्या वर्षांचं मागणं पदरात पडलं आणि ते पेंढारकरांच्या हातून पडलं. देवस्थळींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यंत्रात काडीचा दोष नाही," ते म्हणाले. "मन चेंडूवर हवं, बस्स. कोणालाही जमेल. मी दाखवतो."

तिघंही खाली गेले. कुंजीरनं टोपी आणि काठी त्यांच्या हाती दिली, अगदी घरच्या माणसाला द्यावी तशी. देवस्थळींनी टोपी घातली. चेंडूकडे पाहिलं. पांढरा, गोल, निरुपद्रवी. बाजूला पेंढारकर हात मागे बांधून उभे होते.

देवस्थळींनी काठी फिरवली. आयुष्यात पहिल्यांदाच फटका असा बसला की चेंडू सरळ उंच गेला, हिरवळीच्या मधोमध पडला आणि गर्दीनं टाळ्या वाजवल्या. ते छाती काढून फलकाकडे वळले.

फटके: शून्य. लक्ष्य: पेंढारकर.

पेंढारकरांनी हिरवळीवर जाऊन चेंडू आणला, रुमालानं पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ठेवा परत खुंटीवर," ते म्हणाले. "दंड नाही."