स्टेअरिंगला मुंग्या

"सरका मागं! सरका रं पोरांनो!" विश्वजीतमामा ओरडला आणि त्यानं हातोडा हाणला.

ठण्ण!

अख्खी जीप हादरली. पत्र्यावरचं कबुतर उडालं. गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. एवढं सगळं हललं, हललं नाही ते फक्त स्टेअरिंगचं चाक!

"लय चिवट हाय गड्या!" मामानं घाम पुसला आणि कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलला. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. लहान हातोड्यानं काम झालं नाही, की ती डोकं वापरत नाहीत, मोठा हातोडा आणतात.

क्रांतीचा जीव खालीवर होत होता. सातवीची परीक्षा संपवून ती कालच माधवनगरहून मामाच्या गावी, जत तालुक्यात आली होती. येताना कपड्यांच्या घडीत जपून तिनं एक बेअरिंग आणलं होतं. बाबांनी सांगलीतली दुकानं पालथी घालून ते मिळवलं होतं. "हे पोचलं की जीप चालू झालीच म्हणून समज," असं ते म्हणाले होते. बेअरिंग पोचलं होतं, पण जीप जागची हलत नव्हती!

जीप सयाजीआबांची, म्हणजे क्रांतीच्या आजोबांची. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतले, तेव्हा त्यांनी ती लिलावात घेतली होती. चारही चाकांना जोर असलेली ती म्हातारी वाळूतून, दगडांतून कुठूनही चढायची. पण परवा तिच्या स्टेअरिंगच्या दांड्यातलं वरचं बेअरिंग फुटलं आणि ती वळेनाशी झाली. नवं बेअरिंग बसवायचं तर आधी स्टेअरिंगचं चाक दांड्यावरून उपसायला हवं. मधला नट सहज निघाला होता. चाक मात्र काही केल्या दांडा सोडत नव्हतं.

आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली मेंढपाळ अर्जुनातात्या बसले होते.

तात्यांची मेंढरं खिंडीपलीकडच्या माळावर होती. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आणि पायांवर धड उभी न राहणारी कोकरं! उन्हातून गावापर्यंत चालत येणं त्यांना शक्यच नव्हतं. माळावरचं तळं आटल्यापासून आबा रोज जीपच्या पाठीवर टाकी ठेवून तिथं पाणी पोचवायचे. परवापासून ते बंद पडलं. खिंडीत ट्रॅक्टर न्यायला कुणी धजत नव्हतं, कारण गेल्या साली तिथं एक पालथा झाला होता.

"काल घोड्यावरनं कॅन न्हेलं," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "मेंढरं अशी तुटून पडली, कॅन पायाखालीच गेलं. निम्मं पानी मातीनं पिलं. माजी कारभारीण हरणाबाई एकलीच हाय तिथं. सकाळच्याला दोन कोकरं गेली."

क्रांतीनं मागं वळून बघितलं. सरकारी टँकरनं भरून दिलेली टाकी जीपच्या पाठीवर काठोकाठ भरलेली होती, आणि तिकडे मेंढरं पाण्यावाचून मरत होती!

"बास झालं आता," मामानं मोठा हातोडाही आपटला. "लाईट आली की ग्राइंडर लावतो. चाक मधोमध कापून काढतो!"

"आणि दांडा कापला गेला तर?" आबांनी विचारलं. "ह्या मॉडेलचा दांडा सांगलीत मिळत न्हाई. पुण्यास्नं मागवावा लागंल."

"मग काय करू आबा? आरती करू का त्याची? डिझेल ओतलं, स्प्रे मारला, पुलर लावला. आणि पोरांनो, तुमी काय तमाशा बघायला उभी हाय व्हय? पळा खेळायला!"

मामा पाय आपटत भाकरी खायला गेला. आबा ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जीपपाशी उरली तीन पोरं: क्रांती, मामाचा मुलगा जयराज, आणि शेजारची शाझिया. शाझियाचे अब्बा बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे. पुलर त्यांचाच होता. दोन आकडे चाकाच्या मागून अडकवायचे, मधला बोल्ट दांड्यावर टेकवून पिळत जायचं, की चाक वर खेचलं जातं.

"निदान नीट बघू तरी कुठं अडलंय ते," क्रांती म्हणाली. ती पाठीवर झोपून स्टेअरिंगच्या खाली सरकली आणि तिनं मोबाइलची बॅटरी लावली. "आई गं!"

"काय झालं?"

"मुंगी चावली!"

"मग चावणारच की!" जयराज हसला. "तू काल आल्यापासनं घरभर बिस्किटांचा भुगा पाडलायस."

"गप रे! ही बघ, रांग लागलीय. पायापाशी नाही, वर चाललीय. दांड्यावरून... थेट स्टेअरिंगच्या पोटात!"

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. खरंच होतं. लाल मुंग्यांची एक रांग दांड्यावरून चढत होती आणि चाकाच्या मागच्या बाजूनं आत शिरत होती.

"लोखंड खात्यात व्हय ह्या?" शाझिया म्हणाली.

क्रांती मात्र हसली नाही. तिचं डोकं भराभर चाललं होतं. "थांबा! मामानं काल रात्रीपासून वरून डिझेल ओतलंय ना? मग ते खाली उतरलं असतं, तर मुंग्या जिवंत राहिल्या असत्या का? एक बाटलीभर डिझेल ओतूनही इथं थेंब नाही!"

"म्हंजी मधी कायतरी ठासून बसलंय!" शाझियाचे डोळे मोठे झाले.

"आणि ते गोड आहे!" क्रांती म्हणाली. "नुसता गंज असता, तर मुंग्या कशाला आल्या असत्या?"

जयराजनं चाकाच्या मागच्या फटीत नखानं खरवडलं. नखात काळपट, चिकट काहीतरी आलं. त्यानं वास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "खवट खोबरं! शी!" मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. "अगं, खंडेनवमी!"

"काय खंडेनवमी?"

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा नसतीय का? लोक गाडीच्या पुढं नारळ फोडत्यात. आबा म्हणत्यात, गाडीचं खरं हत्यार स्टेअरिंग! मधल्या हॉर्नच्या बटणावर हळदी-कुंकू लावत्यात, नारळाचं पाणी घालत्यात, वर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य थापत्यात. दरसाल! आणि ते बटण तर कवाचं तडकलंय!"

ओसरीवरून खाकरण्याचा आवाज आला. आबांनी सगळं ऐकलं होतं. शिस्तीचा माणूस, गाडीवर धुळीचा कण खपवून न घेणारा! त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"मी दरसाल तेल द्यायचो की रं," ते हळूच म्हणाले.

"गुळाच्या पाकावर तेल दिलं तर वरच राहणार ना आबा!" क्रांती म्हणाली. "गूळ तेलात विरघळत नाही. गूळ विरघळतो पाण्यात, गरम पाण्यात!"

तेवढ्यात गावातनं आवाज आला, घर्रर्र! पिठाची गिरणी सुरू झाली. लाईट आली!

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आता ग्राइंडर! जयराज मांजरासारखा घरात पळाला आणि मेन स्विच खाली पाडून आला. येतो तोवर मामा हात पुसत, ग्राइंडर घेऊन हजर!

त्यानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"आँ? गिरणी तर चालू हाय!"

"डिझेलवर चाललीय पप्पा!" जयराज म्हणाला.

"आपल्या गावात डिझेलची गिरणी कवापासनं आली रं?"

"आजपासनं!"

मामा डोकं खाजवत डीपीकडे तार बघायला गेला. खोटं बोलणं वाईटच, पण त्या घटकेला दुसरा इलाजच नव्हता!

"पाणी! किटली कुठंय?" क्रांती ओरडली, आणि थबकली.

घरातला रांजण तळाला गेला होता. पाणी होतं ते जीपवरच्या टाकीत. मेंढरांचं! ते लोखंडावर ओतायचं? आणि तरीही चाक निघालं नाही तर? तिला अर्जुनातात्यांकडे बघवेना.

तात्या उठले. त्यांनीच टाकीचा नळ सोडला आणि किटली भरून तिच्या हातात दिली. "वत पोरी," एवढंच म्हणाले.

चुलीवर पाणी खळखळलं. शाझियानं चाकाच्या मध्याभोवती फडकं गुंडाळलं आणि क्रांतीनं बारीक धार धरली. पाणी वरच साचलं. वाट बघितली. खाली एक थेंब येईना! क्रांतीनं सायकलची जुनी तार घेऊन दांड्यावरच्या खाचांतून टोचायला सुरुवात केली. वाफेनं बोटं पोळत होती, डोळ्यांत पाणी येत होतं. ते वाफेचं होतं की रडण्याचं, हे तिचं तिलाही कळलं नसतं.

"चल ना रे! सोड ना!" ती चाकाशीच बोलायला लागली. किटली संपली.

"पुलर पिळून बघू," शाझिया म्हणाली. "पण आधी नट परत चढवा. दोन आटेच, सैल. अब्बा म्हंत्यात, नट काढून वढलं तर चाक थोबाडावर येतंय!"

नट चढवला, पुलर लावला, पाना अडकवला. तिघं पान्याला लोंबकळले. पुलर कुरकुरला. चाक ढिम्म!

आणि त्याच वेळी घरातून मामाची डरकाळी आली. "जयऱ्या! मेन स्विच कुणी पाडला रं?"

जयराज आबांच्या पाठीमागे गेला. मामा तणतणत आला. ग्राइंडर आता भुंग्यासारखा गुरगुरत होता. पण क्रांती सीटवर चढली आणि तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंगला मिठी मारली.

"क्रांती, ऊठ! खेळ न्हाई हा!"

"मामा, एकच किटली! गूळ अडकलाय आत, पूजेचा गूळ! अजून एकदाच ओतू दे! दांडा कापलास तर पुण्याहून येईस्तोवर एक मेंढरू उरायचं नाही!" ती हुंदके देत ओरडत होती.

"गूळ म्हनं! येडी का खुळी तू? ऊठ!"

"विश्वजीत, थांब." अर्जुनातात्या मधे उभे राहिले होते. आवाज चढलेला नव्हता, पण मामाचं बोट बटणावरून निघालं. "मेंढरं माजी हायती, पानीबी माजं हाय. पोरीला वतू दे."

दुसरी किटली खळखळून आली. धार धरली. एक, दोन, तीन श्वास... आणि चाकाच्या खालून एक थेंब पडला, लालसर! मग पिवळा! मग हळदी-कुंकवाचा चिकट, आंबूस वासाचा ओघळच सुरू झाला. त्याबरोबर मुंग्या जीव घेऊन पळाल्या.

"उतरलं! खाली उतरलं!" शाझिया किंचाळली.

मामानं ग्राइंडर खाली ठेवला. त्यानं तेलाचा डबा घेतला. या वेळी तेल वर थांबलं नाही, गटागटा आत गेलं. मग त्यानं पान्याला हात घातला. पोरंही लोंबकळली. पुलर ताणून थरथरायला लागला.

"आता एकच ठोका," आबा पुढे आले. "चाकावर न्हाई, पुलरच्या बोल्टावर. लहान हातोडा दे."

टण्!

फाट्!

चाक उसळून वर आलं आणि क्रांतीच्या हनुवटीपाशी, सैल नटाला अडून थांबलं. तो नट नसता, तर पोरीचे पुढचे दात गेले असते!

मग एकच आरडाओरडा! जयराजनं ताट बडवलं. मामानं क्रांतीच्या टपलीत मारली आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला. "लय शानी हायसा रं तुमी! मी कापलं असतं बघा. सगळं घालवलं असतं. आणि जयऱ्या, मेन स्विचचं तुझं बघतो नंतर!"

बेअरिंग बसलं. चाक चढलं. म्हातारी जीप खाकरत सुरू झाली आणि टाकीतलं पाणी न सांडता खिंड चढून गेली.

माळावर एकही मेंढरू ओरडत नव्हतं. तेच भयंकर होतं. सावलीही नसलेल्या त्या माळावर कळप माना टाकून पडला होता, आणि मधे हरणाबाई दोन्ही हातांनी घोंगड्याची सावली धरून उभी होती. घोंगड्याखाली कोकरं होती. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे!

पाण्याचा आवाज झाला आणि माना उठल्या. "थोडी थोडी सोडा!" तात्या ओरडले. काठ्या आडव्या धरून पोरांनी एकेका मेंढीला पाण्याच्या डोणीपाशी सोडलं. सगळा कळप पिऊन होईस्तोवर कुणी बसलं नाही. मेंढ्या प्यायल्या, उभ्या राहिल्या, आपापलं कोकरू हुंगायला लागल्या.

"येवढा उशीर का केलासा, सुभेदार?" हरणाबाईचा आवाज चिरका झाला होता.

आबा ताठ उभे राहिले. "माझी चूक, हरणाबाई. पूजा म्हणून मी गाडीला गूळ-पाणी पाजत राहिलो, तेच आत घट्ट झालं. आमा मोठ्यांना हातोड्याबिगर काय सुचलं न्हाई. ह्या तीन पोरांनी मुंग्या बघितल्या, म्हणून आज इथवर पोचलो."

"देवाला ग्वाड घातलासा आन् माजी दोन लेकरं तानेनं गेली," ती म्हणाली. आबांनी मान खाली घातली.

मग हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि घोंगड्याखालून एक अगदी मलूल कोकरू उचलून क्रांतीच्या मांडीवर ठेवलं. "ह्याच्या आयला आत्ता पान्हा फुटलाय, जरा पाजलंय. तू धर. तुज्यामुळं वाचलं तर वाचलं."

क्रांती त्याला पोटाशी धरून बसून राहिली. ते हलत नव्हतं. डोळे अर्धवट मिटलेले. तिनं श्वास रोखला. शाझिया आणि जयराज शेजारी गुडघे टेकून बसले. कितीतरी वेळ गेला.

एकदम क्रांती दचकली. तिच्या नव्याकोऱ्या ड्रेसवर कोमट ओल पसरत होती.

"अगं बया, मुतलं की गं!" हरणाबाई टाळी वाजवून ओरडली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती खदखदा हसत होती. "पोचलं! पानी पोचलं गं बाय माजे!"

जयराज नाक धरून उताणा पडला. शाझिया हसता हसता रडायला लागली. क्रांतीनं मात्र कोकराला आणखी घट्ट धरलं आणि ड्रेस काही झटकला नाही.